सातबाऱ्यावरचे नाव आणि खात्यावरचे दोन हजार

संकटकाळात शासन एखाद्या वर्गाला रोख मदत द्यायचे ठरवते, तेव्हा मदत नेमकी कोणाला द्यायची आणि ती कोणत्या वाटेने पोहोचवायची, हे आधी ठरवावे लागते. २०२०च्या मार्चमध्ये करोनाची साथ पसरू लागली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, त्या वेळी शेतकऱ्यांच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे केंद्र शासनाकडे तयार होती आणि ती तयार होती म्हणूनच मदत काही दिवसांत खात्यांवर जमा होऊ शकली. मात्र ही उत्तरे साथीचा विचार करून शोधलेली नव्हती, तर त्याआधी वर्षभर सुरू असलेल्या एका वेगळ्या योजनेची होती. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी आणि तिच्या भोवतालच्या हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील गावांत या मदतीची वाट शोधत गेले, तर नोंदवहीच्या आधाराने दिलेली मदत किती वेगाने पोहोचते आणि कोणत्या उंबरठ्याशी थांबते, हे दोन्ही समजते.

या भागाची घडण थोडी वेगळी आहे. पंचगंगेच्या काठचे इचलकरंजी हे यंत्रमागांचे शहर म्हणून देशाला माहीत असले, तरी शहराची हद्द संपते न संपते तोच उसाचे फड सुरू होतात. कबनूर, चंदूर, तारदाळ, यड्राव, टाकवडे, अब्दुललाट, रेंदाळ या गावांतील असंख्य घरे एकाच वेळी मागावर आणि मळ्यावर जगतात. एक भाऊ पाळीला मागावर असतो, दुसरा ऊस आणि भाजीपाला पाहतो, आणि घरातील बाई एखाद-दुसरी म्हैस सांभाळून गावातील दूध संस्थेला दूध घालते. टाळेबंदीने या घरांची मिळकत एका बाजूने नव्हे, तर तीन बाजूंनी तोडली. माग बंद पडले, आठवडी बाजार बंद झाले आणि हॉटेले व मिठाईची दुकाने बंद राहिल्याने दुधाचा उठाव घटला. म्हणून येथे ‘शेतकऱ्याला काय मिळाले’ हा प्रश्न ‘घराला काय मिळाले’ या प्रश्नापासून तोडून विचारता येत नाही.

टाळेबंदी सुरू झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च २०२० रोजी, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांसाठी असलेली मुख्य तरतूद म्हणजे प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा, अर्थात बोलीभाषेतील ‘पीएम किसान’चा, २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच देणे ही होती. ही मूळ योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत दिले जातात. आरंभी ती दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांपुरती होती आणि जून २०१९ पासून जमिनीची ही मर्यादा काढून टाकण्यात आली. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत केव्हा तरी येणारच असलेला हप्ता साथीमुळे लवकर आला, एवढाच या तरतुदीचा अर्थ होता. शासनाच्या नंतरच्या आकडेवारीनुसार या हप्त्यापोटी ८ कोटी ९४ लाख शेतकऱ्यांना १७,८९१ कोटी रुपये दिले गेले. आकडा मोठा आहे, आणि हातात रोख नसलेल्या घरासाठी पैसा वेळेवर येण्याला स्वतंत्र मोल असते, हेही खरे. पण या रकमेतील एकही रुपया साथीमुळे नव्याने वाढवलेला नव्हता, ही गोष्ट पॅकेजच्या मोठ्या आकड्यात सहज झाकली जाते.

रक्कम वेगाने पोहोचली याचे कारण थेट लाभ हस्तांतरण ही पद्धत होय. लाभार्थ्याचा आधार क्रमांक, बँक खाते आणि जमिनीची नोंद एकमेकांशी जोडून ठेवलेली असते आणि रक्कम कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीतून न जाता केंद्राकडून सरळ खात्यावर पडते. त्याच पॅकेजमध्ये जनधन खाते असलेल्या महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये द्यायचे ठरले होते. ते काढण्यासाठी बँकांच्या दारात गर्दी उसळू नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस वाटून देण्यात आले, ० आणि १ हे अंक असलेल्यांनी ३ एप्रिलला यावे, २ आणि ३ असलेल्यांनी ४ एप्रिलला यावे, याप्रमाणे. एकाच घरातील सासू आणि सून वेगवेगळ्या दिवशी, तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून, पासबुक हातात धरून रांगेत उभ्या राहण्याचे हे दिवस होते. पीएम किसानचे दोन हजार आणि जनधनचे पाचशे हे दोन्ही ज्या घरात आले, त्या घराला एप्रिलमध्ये अडीच हजार रुपये आणि त्याखेरीज शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो मोफत धान्य, एवढा आधार मिळाला.

हा आधार नुकसानीच्या मानाने केवढा होता, हे पीकनिहाय पाहावे लागते, कारण टाळेबंदीने सगळ्या पिकांना सारखे मारले नाही. या भागाचे मुख्य पीक ऊस. आणि नेमके तेच त्या उन्हाळ्यात सर्वांत सुरक्षित राहिले. साखर कारखान्यांचे गाळप मार्चपर्यंत बहुतांशी उरकत आलेले होते आणि साखर अत्यावश्यक वस्तू असल्याने उरलेले कामही थांबवावे लागले नाही. उसाला रास्त व किफायतशीर दराचे, म्हणजे एफआरपीचे, कायदेशीर कवच आहे: केंद्र शासन दरवर्षी किमान दर ठरवते आणि १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार तो चौदा दिवसांत द्यावा लागतो, उशीर झाल्यास १५ टक्के व्याजासह. २०१९-२० च्या हंगामात १० टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला २.७५ रुपये असा हा दर होता. उतारा साडेबारा टक्के धरला, तर टनाला सुमारे ३,४३७ रुपये होतात आणि त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो वजा केल्यावरही साथीच्या मदतीचा एक हप्ता एक टन उसाच्या किमतीपेक्षा कमीच भरतो. ऊस एकरी चाळीस टन पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही रक्कम खताच्या दोन-चार पोत्यांची सोय होती. त्याला तिची तितकी निकडही नव्हती.

भाजीपाल्याचे नेमके उलटे झाले. शिरोळ तालुक्याच्या मळीच्या जमिनीत टोमॅटो, ढबू मिरची, वांगी, कोबी ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात आणि त्यांचा बराचसा माल मुंबई-पुण्याच्या बाजारात जातो. एप्रिल-मे हे उन्हाळी भाजीपाल्याच्या तोड्याचे दिवस असतात. त्या दोन महिन्यांत वाहने मिळेनात, बाजार समित्या आळीपाळीने बंद-चालू होत राहिल्या, लग्नसराई थांबल्याने मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि फुलांना तर कोणी विचारेना. तोडणीची मजुरीही सुटणार नाही असे दिसले की शेतकरी उभ्या पिकात जनावरे सोडतो किंवा रोटर मारून ते जमिनीत गाडतो; त्या हंगामात हे पुष्कळ ठिकाणी घडले. ज्याच्या एक एकर ढबूच्या मल्चिंग, ठिबक, रोपे आणि औषधांवर लाख रुपयांच्या घरात खर्च झाला होता, त्यालाही २,०००च मिळाले आणि ज्याच्या उसाचे बिल खात्यावर आधीच जमा झाले होते, त्यालाही २,०००च.

येथे एक प्रश्न साहजिकच निर्माण होतो: नुकसान पाहून मदत देण्याची पद्धत शासनाकडे नव्हती काय? ती होती, आणि या भागाने ती अवघ्या आठ महिन्यांपूर्वी अनुभवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला, शिरोळ तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक या तिघांनी मिळून गावोगाव पंचनामे केले. पंचनामा म्हणजे नुकसानीची जागेवर जाऊन केलेली लेखी नोंद. आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर हेक्टरी ठरावीक रक्कम मिळते. २०१९च्या पुरानंतर राज्य शासनाने त्यापुढे जाऊन पूरग्रस्त पिकाचे एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचा निर्णय घेतला होता. परंतु पंचनाम्याला डोळ्यांना दिसणारे नुकसान लागते. पाण्यात कुजलेला ऊस तलाठ्याला दाखवता येतो; चार रुपये किलोने गेलेला टोमॅटो दाखवता येत नाही, कारण पीक शाबूत असते आणि मोडलेला असतो तो भाव. केंद्र शासनाने करोनाला मार्च २०२० मध्ये राज्य आपत्ती निवारण निधीच्या कामासाठी आपत्ती मानले, तरी भाव कोसळल्याने झालेल्या नुकसानीला त्या निकषांत स्थान नव्हते. त्यामुळे पुराच्या मदतीत जी मोजणी होती ती साथीच्या मदतीत उरली नाही आणि सरसकट हप्ता एवढाच मार्ग राहिला.

हीच गोष्ट अमेरिकेने वेगळ्या पद्धतीने हाताळली, म्हणून तिचा थोडक्यात उल्लेख उपयोगी आहे. तेथील कृषी खात्याने एप्रिल २०२० मध्ये करोना अन्न साहाय्य कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात शेतकऱ्यांना थेट देण्यासाठी १६ अब्ज डॉलर ठेवले. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव पाच टक्के किंवा त्याहून अधिक घसरला, त्या मालाच्या उत्पादकांना त्यांच्याकडील मालाच्या प्रमाणात रक्कम मिळत होती. भावाची पडझड हेच तेथे नुकसान मानले गेले. ही पद्धत अधिक न्याय्य वाटते, पण तिचा तोलही एका बाजूला झुकलेला होता: ज्याच्याकडे माल अधिक त्याला मदत अधिक, आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर इतकी मर्यादा असल्याने मोठ्या शेतमालकांना मोठा वाटा मिळण्यास वाव राहिला. भारतातील सरसकट हप्त्यात निदान अर्धा एकरवाला आणि दहा एकरवाला समान तरी होते. मात्र ही समानता फक्त यादीत असलेल्यांमध्ये होती.

यादी कशावर उभी होती, हा या प्रकरणाचा गाभा आहे. महाराष्ट्रात जमिनीचा मूळ कागद म्हणजे सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा तो एकत्र उतारा असून सातमध्ये जमीन कोणाच्या मालकीची आहे हे लिहिलेले असते आणि बारामध्ये त्या जमिनीत कोणते पीक कोणी घेतले याची नोंद असते. पीएम किसानची पात्रता सातवरून ठरते, बारावरून नव्हे. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमिनीच्या नोंदीत ज्याचे नाव होते, तो लाभार्थी. पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते आणि त्या कुटुंबाला एक हप्ता मिळतो. हा नियम कागदावर सरळ आहे. पण इचलकरंजीच्या भोवतालच्या गावांतील सातबारे सरळ नाहीत. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्यांचा अर्थ, म्हणजे जमीन सर्व भावांची असली तरी कारभारी म्हणून नाव एकाचेच. चुली वेगळ्या होऊन वीस-वीस वर्षे झाली, बांध पडले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, तरी वाटणीपत्राची नोंद राहून गेलेली असेल, तर हप्ता मिळतो तो थोरल्यालाच. याउलट ज्या घरात तिघा भावांनी वेळीच फेरफार घालून घेतला, म्हणजे हक्कातील बदलाची रीतसर नोंद करून घेतली, तेथे तेवढ्याच जमिनीवर तीन हप्ते येतात. कर्ता पुरुष वारला आणि वारस नोंद रखडली, की विधवेचा हप्ता त्या नोंदीपाशीच अडकतो.

त्याहून मोठी पोकळी खंडकऱ्यांची आणि वाटेकऱ्यांची आहे. दुसऱ्याची जमीन वर्षाला ठरावीक रक्कम देऊन करणे म्हणजे खंड, आणि उत्पन्नाचा हिस्सा ठरवून करणे म्हणजे वाटा किंवा अर्धेली. या भागात भाजीपाला करणारी कितीतरी माणसे खंडाने जमीन घेतात, कारण मालक नोकरीनिमित्त किंवा मागाच्या धंद्यात शहरात असतो आणि कष्ट करणाऱ्याकडे स्वतःची जमीन अपुरी असते. हा व्यवहार जवळजवळ नेहमी तोंडी होतो, आणि त्यामागे इतिहास आहे. १९४८च्या कूळ कायद्याने आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने प्रत्यक्ष कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. महाराष्ट्राच्या ग्रामीण समाजात त्या कायद्याने घडवलेला बदल फार मोठा होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण तेव्हापासून ‘कूळ लागेल’ ही भीती जमीनमालकांच्या मनात घर करून बसली आणि कसणाऱ्याचे नाव कोणत्याही कागदावर येऊ नये याची काळजी घेतली जाऊ लागली. कसणाऱ्याला मालक करण्यासाठी झालेल्या कायद्याचा परिणाम असा झाला, की आजचा कसणारा नोंदीतूनच पुसला गेला. एप्रिल २०२० मध्ये ढबूचा प्लॉट मोडावा लागला तो खंडकऱ्याला, आणि दोन हजार रुपये जमा झाले ते मालकाच्या खात्यावर.

यावर उपाय अशक्य नव्हता. ओडिशाने २०१९च्या आरंभी सुरू केलेल्या कालिया योजनेत छोट्या शेतकऱ्यांबरोबर वाटेकऱ्यांचाही समावेश केला आणि भूमिहीन कुटुंबांना शेळीपालन, कुक्कुटपालन यांसारख्या जोडधंद्यांसाठी १२,५०० रुपयांची स्वतंत्र तरतूद ठेवली. निती आयोगाच्या तज्ज्ञ गटाने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला होता. मालकाचा हक्क अबाधित ठेवून कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळावी, हाच त्याचा हेतू होता.

यादी जशी कोणाला वगळते तशीच ती नको त्यांना आतही घेते. आयकर भरणारे, शासकीय सेवेतील बहुतेक कर्मचारी, दरमहा दहा हजार किंवा अधिक निवृत्तिवेतन असलेले, तसेच डॉक्टर, वकील, अभियंता यांसारखे व्यावसायिक या योजनेस अपात्र आहेत. तरीही २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेल्याचे जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातून उघड झाले. त्यांतील निम्म्याहून अधिक आयकरदाते होते आणि अशा अपात्रांच्या संख्येत पंजाब व आसामच्या खालोखाल महाराष्ट्राचा क्रमांक होता. तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. जेथे एकच माणूस मागाचा मालक आणि जमिनीचा खातेदार असतो, अशा इचलकरंजीसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष नाजूक आहे, कारण बँकेच्या कर्जासाठी आयकर विवरणपत्र दाखल करणे आणि प्रत्यक्षात कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी असून अपात्रता दुसरीमुळे येते, पहिलीमुळे नव्हे.

दुधाच्या बाबतीत राज्य शासनाने निराळी वाट धरली. टाळेबंदीत विक्री घटल्यावर एप्रिल २०२० पासून रोज दहा लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करण्याचा निर्णय झाला. येथे पैसा शेतकऱ्याच्या खात्यावर थेट येत नव्हता. तो दूध संघाकडे जाऊन तेथून संस्थेच्या बिलातून उत्पादकापर्यंत पोहोचायचा. ज्यांचे दूध या खरेदीत आले नाही, त्यांना गाईच्या दुधाला वीस रुपयांच्या आतबाहेरचा भाव स्वीकारावा लागला. शिरोळचे राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने २१ जुलै २०२० रोजी दूध बंद आंदोलन केले, त्या वेळी अनुदान थेट उत्पादकाच्या खात्यावर द्यावे, ही प्रमुख मागणी होती. दुधाचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. गावच्या दूध संस्थेत रोज सकाळ-संध्याकाळ मापाबरोबर फॅट नोंदवली जाते, दहा दिवसांनी बिल निघते आणि दूध घालणाऱ्याच्या नावावर गुंठाभर जमीन नसली तरी त्याचे पुस्तक चालते. सातबाऱ्याबाहेरच्या ग्रामीण माणसाची एवढी तपशीलवार आणि अद्ययावत नोंद दुसरीकडे क्वचितच असेल. मदतीचा पाया म्हणून ती वापरली गेली असती, तर भूमिहीन मजुराची म्हैसही हिशेबात आली असती.

नोंद असली की मदत मिळते, याचा दुसरा पुरावा शेतीबाहेरचा आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदलेल्या कामगारांना २०२० मध्ये आधी २,००० आणि पुढे ३,००० रुपये मिळाले, कारण मंडळाकडे यादी होती आणि उपकराचा निधीही होता. मागावर ‘पिक’च्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी घेणारा कामगार, धाग्याच्या कांड्या भरणारा कांडीवाला आणि ताण्याचे धागे ओवणारा वहिफणीवाला यांच्यासाठी असे मंडळ नव्हते. त्यांना धान्य मिळाले, रोख नाही. कारखान्यांच्या तळांवर अडकलेल्या ऊसतोड मजुरांना तर रकमेच्या आधी घरी जाण्याची परवानगी हवी होती. सुमारे १ लाख ३१ हजार मजुरांना आरोग्य तपासणी करून आपापल्या गावी परतू देण्याचा आदेश १७ एप्रिल २०२० रोजी निघाला.

कर्जाच्या बाजूने पाहिले, तर कोल्हापूर जिल्ह्याची स्थिती राज्याहून वेगळी आहे. येथील ऊस उत्पादक विकास सेवा संस्थेकडून पीककर्ज घेतो आणि त्याची वसुली कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलातून परस्पर होते, त्यामुळे तो सहसा थकबाकीदार होत नाही. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज माफ करणारी महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना म्हणूनच या जिल्ह्यातील मोठ्या वर्गाच्या उपयोगाची नव्हती. नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याची घोषणा ६ मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली आणि तीनच आठवड्यांत टाळेबंदी आली. राज्याची तिजोरी आटल्याने ही घोषणा लांबत गेली आणि रक्कम खात्यांवर पडू लागली ती ऑक्टोबर २०२२ मध्ये. केंद्राचा ठरलेला हप्ता साथीमुळे लवकर आला आणि राज्याचा शब्द त्याच साथीमुळे अडीच वर्षे मागे गेला. कोल्हापूरच्या ऊस उत्पादकाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीच्या पंचवीसपट मोठी होती. मधल्या काळात २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडल्यास शून्य टक्के व्याज, हा निर्णय मात्र अमलात आला आणि त्याचा लाभ या भागाला चांगला झाला.

साथीनंतर नोंदी सुधारण्याचे काम थांबलेले नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून बांधावर उभा राहून पिकाचे छायाचित्र व क्षेत्र नोंदवू लागला. म्हणजे गाव नमुना बारा प्रथमच कसणाऱ्याच्या हाती येण्याची शक्यता निर्माण झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० रुपये वार्षिक देणे सुरू केले. त्याचे लाभार्थी पीएम किसानच्याच यादीतून घेतले गेले. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो क्रमांक पुन्हा आधार व सातबाऱ्यावरील मालकी यांच्या जोडणीतूनच तयार होतो. शिरोळच्या मळीत खंडाने टोमॅटो करणाऱ्याने ई-पीक पाहणीत पीक नोंदवायचे म्हटले, तरी त्याला ते मालकाच्या खात्यावर, मालकाच्या संमतीने आणि मालकाच्या नावानेच नोंदवावे लागते.